विद्यालयाची बराक आणि बराकीचे विद्यालय



ज्या शिक्षकांच्या पुण्यस्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी आपले सारे आयुष्य या सरहद्दीवरच्या मुलखात, जेथे एकाच पारावर मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानी पडतात, तेथे मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल देण्यात वेचले. तेव्हा त्यांच्या नावाने चार शब्द बोलावयाचे तर ते विद्येविषयीच असावेत, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र लष्करी बराकी, त्यांचा इतिहास आणि त्यांचा नागरी उपयोग असा जाहीर झाला आहे, आणि विद्येच्या उपासकाला हा कसला शस्त्रास्त्रांचा नैवेद्य, अशी शंका एकदोघांनी मला बोलूनही दाखविली. तिचे उत्तर या बीदर शहरातच, चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गेली सव्वापाचशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. महमूद गवानचा मदरसा ही या देशातील एक श्रेष्ठ विद्यावास्तू. आणि तिच्या अंगावरची सर्वांत मोठी जखम ही ती बराक झाल्यामुळे तिला झालेली आहे.

प्रथम त्या वास्तूविषयी. गवान हा इराणातील गीलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने तो दख्खनेत आला, बहमनी दरबारी चढत चढत वजिरीच्या पदास पोहोचला, आणि सुमारे दोन दशके त्या दौलतीचा कारभार त्याने असा सांभाळला की, त्याच्या मरणानंतर ती दौलत फार काळ एकसंध राहू शकली नाही. चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ तरफ करून सुभेदारांच्या हाती साचलेली सत्ता त्याने विभागली. जमिनीची मोजणी करवून महसुलाची आकारणी ठरविली. आणि स्वतः उत्तम फारसी गद्य लिहून पत्रलेखनकलेवर ग्रंथ रचले. मदरसा त्याने इ.स. १४७२ च्या सुमारास पुरा केला. पूर्वपश्चिम २०५ फूट आणि दक्षिणोत्तर १८० फूट लांबीरुंदीची, मधोमध प्रशस्त चौक असलेली ही तीन मजली इमारत; विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या, अध्यापकांची निवासस्थाने, व्याख्यानाची दालने, मशीद आणि ग्रंथालय हे सारे एका छपराखाली; दर्शनी भागावर दोन्ही टोकांस सव्वाशे फुटांहून उंच असे दोन मिनार, आणि त्यांवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या काचरंगी कौलांचे इराणी नक्षीकाम. ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते, असे परंपरा सांगते. छापखाना नसलेल्या त्या काळात एकेक ग्रंथ म्हणजे एकेका लेखकाच्या कित्येक महिन्यांची मेहनत, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

याच सुमारास घडलेली आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १४७२ च्या बेळगावच्या वेढ्यात गवानच्या सैन्याने किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग खोदले, त्यांत बारूद ठासली आणि तट उडविला. दख्खनेत सुरुंगाच्या बारुदीचा असा वापर तोवर कोणी पाहिलेला नव्हता, असे इतिहासकार फरिश्ता नमूद करतो. ज्या वर्षांत एका हाताने तो विद्येचे घर बांधीत होता, त्याच वर्षांत दुसऱ्या हाताने त्याने या भूमीला बारुदीची ही नवी विद्या शिकविली. पुढे १४८१ साली खोट्या पत्राच्या आधारे त्याच्यावर फितुरीचा आळ आला, सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने त्याचा शिरच्छेद करविला, आणि बीदरजवळच्या गोरनळ्ळी गावी त्याचे दफन झाले. इतका मोठा वजीर, पण त्याची कबर साधी आहे. त्याचे खरे स्मारक म्हणजे हा मदरसा, आणि त्याच्या नशिबी काय आले ते पाहण्यासाठी पावणेदोनशे वर्षे पुढे जावे लागते.

बहमनी गेले, बरीदशाही आली, आणि १६१९ साली विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बीदर आपल्या राज्यास जोडले. १६५७ च्या मार्चात शहजादा औरंगजेबाने येथे वेढा घातला तेव्हा किल्लेदार होता सिद्दी मर्जान, वयोवृद्ध आणि धन्याशी इमानी असा हबशी सरदार. त्याच्यापाशी हजारभर घोडेस्वार आणि चार हजारांचे पायदळ होते. जांभ्या दगडात खोदून काढलेला खंदक, तांबडे भक्कम तट, बुरुजांवर लांब पल्ल्याच्या तोफा, अशा त्या किल्ल्याने सत्तावीस दिवस दम धरला. शेवटच्या हल्ल्यात मोगलांचा एक अग्निबाण बुरुजामागे साठविलेल्या दारूगोळ्यावर जाऊन पडला, भयंकर स्फोट झाला, सिद्दी मर्जान आणि त्याचे पुत्र त्यात होरपळले, आणि त्या जखमांनीच किल्लेदाराचा अंत झाला. विजेत्यांना रोख बारा लाख रुपये, आठ लाखांची बारूद, धान्य आणि इतर सामग्री, आणि दोनशे तीस तोफा मिळाल्या. शहराचे नाव जफराबाद ठेवण्यात आले. या वेढ्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण उघड्यावर अथवा वस्तीलगत साठविलेली बारूद काय करते, याचा धडा बीदरच्या कारभाऱ्यांना त्या दिवशी रक्ताच्या अक्षरांत मिळालेला होता. तो चाळीस वर्षे सुद्धा कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

मोगलांच्या अमदानीत फौज ठेवावयास जागा हवी होती, आणि शहराच्या मध्यभागी, किल्ल्याच्या वाटेवर, शेकडो माणसे राहू शकतील अशी भक्कम, कोठड्याकोठड्यांची इमारत तयारच होती. मदरशात घोडदळाची बराक झाली, आणि त्याच्या काही खोल्यांत दारूकोठार करण्यात आले. लष्करी अंमलदाराच्या दृष्टीने पाहिले तर हा निर्णय फार सरळ आणि काटकसरीचा होता, हे आपण न्यायाने कबूल केले पाहिजे: जाड भिंती, कोरड्या खोल्या, बंदोबस्ताला एकच दरवाजा. इ.स. १६९६ साली त्या इमारतीवर वीज पडली, बारूद पेटली, आणि दर्शनी बाजूचा दक्षिणेकडचा मिनार, मुख्य प्रवेशद्वार आणि त्यालगतचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या एका मिनारावरची कौले आजही सकाळच्या उन्हात चमकतात. ती पाहण्यासाठी येणाऱ्या शाळेच्या सहलींतील मुलांना, दुसरा मिनार कोठे गेला, असा प्रश्न पडतोच, आणि त्यांच्या गुरुजींनी त्याचे खरे उत्तर द्यावे, एवढीच माझी इच्छा आहे. परचक्र आले आणि पडले, असे सांगून मोकळे होणे बरोबर नाही. ज्यांच्या ताब्यात इमारत होती त्यांनीच, शांततेच्या दिवसांत, विद्येच्या खोलीत बारूद ठेवली म्हणून तो मिनार पडला.

या वास्तूचा आणि एकंदर बीदरच्या इमारतींचा अभ्यास गुलाम यझदानी यांनी केला. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे ते संचालक; १९४७ साली प्रसिद्ध झालेला बीदरवरचा त्यांचा ग्रंथ, त्यातील नकाशे आणि मापे आजही प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर असतात. राजसत्ता मावळतीला आलेली, चहूकडे अशांतता पसरत चाललेली, आणि अशा वेळी हा विद्वान कौलांच्या रंगछटा आणि शिलालेखांची अक्षरे नोंदवीत होता, याबद्दल आपण सर्व भाषांच्या लोकांनी त्याचे ऋणी राहिले पाहिजे.

आता चित्राची दुसरी बाजू. लष्कराने विद्येची वास्तू घेतली, हे आपण पाहिले. विद्येने लष्कराची वास्तू घेतल्याचे उदाहरणही, बीदर ज्याचा भाग होते त्या हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात आहे, आणि माझ्या मते ते मराठी भाषिकांच्या आधुनिक जीवनातील एक अत्यंत तेजस्वी पर्व आहे. त्याकडे जाण्यापूर्वी छावण्यांचा थोडा वृत्तान्त सांगणे अवश्य आहे.

निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी फौज उभी राहिली, ती हैदराबाद कंटिंजंट. तिचा खर्च निजामाच्या तिजोरीवर आणि हुकूम रेसिडेन्सीचा, अशी ती व्यवस्था होती. १८५३ च्या तहाने तिची संख्या पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने अशी कायम करण्यात आली, आणि तिच्या पगारासाठी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांकडे लावून देण्यात आले. त्यांपैकी नळदुर्ग आणि रायचूर १८६० साली परत मिळाले, वऱ्हाड मात्र परतले नाही. या फौजेच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद, एलिचपूर, लिंगसुगूर अशा ठिकाणी पसरलेल्या होत्या. गावापासून हाकेच्या अंतरावर, मोकळ्या माळावर, सरळ रेघेत आखलेले रस्ते, रस्त्यांच्या कडेला लिंबाची झाडे, लांबच लांब बसक्या बराकी, घोड्यांच्या पागा, कवायतीचे मैदान, सदर बाजार, आणि थोडे दूर साहेबांचे बंगले; आपल्या भागातील जुन्या माणसांना हे चित्र निराळे वर्णून सांगावयास नको. १९०३ साली हे कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले, त्याचे वेगळे अस्तित्व संपले, आणि काही छावण्यांतील बिगूल कायमचे थांबले. हिंगोली आणि मोमिनाबाद ही त्यांपैकी ठळक नावे. मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई. रिसाल्याच्या त्या गावी पुढे १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले, आणि जुन्या लष्करी इमारतींपैकी काही त्या संस्थेच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या उपयोगी पडल्या. निजामाच्या तुरुंगात राहिलेल्या संन्याशाच्या नावाने निजामाच्या फौजेच्या तळावर खेड्यापाड्यांतील मुले वैद्यक शिकू लागली, ही घटना इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपते, पण तिचा अर्थ मोठा आहे.

औरंगाबादची छावणी या सर्वांत जुन्या आणि मोठ्या छावण्यांपैकी. १८५७ च्या जूनमध्ये तेथील पहिल्या रिसाल्याच्या स्वारांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि तो कठोरपणे मोडून काढण्यात आला. शहरातील काला चबुतऱ्याची जागा त्या शिक्षांची आठवण म्हणून आजही दाखविली जाते. अशा त्या छावणीच्या बराकींत १९५० च्या जूनमध्ये एक महाविद्यालय सुरू झाले. ते सुरू करणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्या वेळची परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. हैदराबादवरच्या पोलीस कारवाईला दोन वर्षेही पुरी झालेली नव्हती. हैदराबाद संस्थानात विद्यापीठ एकच, उस्मानिया, आणि तेथील उच्च शिक्षण तीस वर्षे उर्दूतून झालेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि आपल्या बीदर जिल्ह्यातील मराठी तालुके, म्हणजे उदगीर, निलंगा, अहमदपूर, भालकी, औराद, यांतील सामान्य घरच्या मुलाला पदवीचा रस्ता हैदराबादेला जात असे, आणि तो रस्ता बहुतेकांच्या ऐपतीपलीकडचा होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांविषयी तर बोलावयासच नको. अशा वेळी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढावयाचे ठरविले, तेव्हा हाती पैसा थोडा, इमारत नाही, आणि काळ दवडण्याची तयारी तर मुळीच नाही. बराकी रिकाम्या होत्या. तेथे वर्ग भरू लागले. महाविद्यालयाच्या नागसेनवन या परिसरातील इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसविण्यात आली; म्हणजे महाविद्यालय आधी आणि त्याची कोनशिला नंतर, असा हा क्रम आहे. आज मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची पहिली घंटा बराकीत वाजली.

बाबासाहेबांनी हे प्रथमच केले असे नव्हे. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ रोजी सुरू झाले तेही महायुद्ध संपल्यावर रिकाम्या झालेल्या लष्करी बराकींतच. फोर्टातील त्याच्या मालकीच्या इमारती पुढच्या काळातल्या. दोन शहरे, चार वर्षांचे अंतर, आणि मार्ग एकच. या मार्गाचे मूळ मला त्यांच्या घराण्यात दिसते. त्यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार-मेजरच्या दर्जापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्मही महूच्या छावणीतला. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकविण्याची जी सक्ती होती, तिच्यामुळे गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती, अशा कित्येक महार कुटुंबांत अक्षर पोहोचले. गावाने नाकारलेली शाळा त्यांना बराकीत मिळाली होती. तेव्हा ज्या बापाने बराकीत वर्ग घेतले, त्याच्या मुलाने बराकीत महाविद्यालय काढावे, ही परंपरा अखंड आहे, आणि तिच्या महत्त्वाकडे आपल्या चरित्रकारांनी अधिक सविस्तर पाहावे, असे मला वाटते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. कोणी म्हणेल, की गरजेपोटी मिळेल त्या छपराखाली शाळा भरविणे यात वास्तुविचार कसला? परंतु बराक ही वस्तू जरा बारकाईने पाहिली म्हणजे कळून येते की, ती शाळेला आश्चर्यकारक रीतीने जुळणारी आहे. लांब, अरुंद, सरळ दालन. दोन्ही अंगांना समोरासमोर खिडक्या, म्हणून हवा वाहती. उंच आढे, म्हणून उन्हाळ्यात उष्मा वर राहतो. पुढे पडवी, म्हणून पावसातही एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाता येते. आणि समोर मैदान. राजवाड्याची शाळा करावयाची तर दिवाणखाने तोडावे लागतात, जनानखान्याच्या अंधाऱ्या खोल्यांचे काय करावे सुचत नाही. बराकीत मात्र सगळ्या खोल्या सारख्या, सगळ्या खाटा सारख्या. तिच्या रचनेतच उच्चनीच नाही. ज्या महाविद्यालयाला सर्व जातींची मुले एका बाकावर बसवावयाची होती, त्याला याहून योग्य घर शोधूनही सापडले नसते.

बराकींनी केवळ शाळांनाच आसरा दिला असेही नाही. कल्याणजवळ महायुद्धाच्या काळात उभारलेल्या लष्करी छावणीत २,१२६ बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित तेथे राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. तेथील लोक अजूनही पत्ता सांगताना कॅम्प आणि बराकीचा क्रमांक सांगतात. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला तर १९४३ पासून पोलंडमधील निर्वासित स्त्रिया आणि मुले राहिली, ती गेल्यावर त्याच ओळींत सिंधी कुटुंबे आली, आणि आज तेथे गांधीनगरची कापडपेठ गजबजलेली आहे. जेथे माणसांची निकड आणि रिकामे छप्पर यांची गाठ पडली, तेथे शहरे उभी राहिली.

आता आपल्या घरी येऊ. बीदर आणि कलबुर्गी या दोन किल्ल्यांकडे पाहताना आपण बहुधा ते राजांचे म्हणून पाहतो. ते शिपायांचेही होते, हे विसरतो. तख्तमहाल, गगनमहाल, रंगीनमहाल यांची वर्णने पुष्कळ झाली. पण तटावर रात्री पहारा देणारा शिपाई कोठे निजत होता, त्याचे धान्य कोणत्या कोठीतून येत होते, हे विचारले की आपल्यापाशी उत्तर नसते. या किल्ल्यांत लष्कराचे काम थांबले, आणि नागरिकांनी त्यांचा उपयोग निरनिराळ्या वाटांनी केला. बीदरच्या किल्ल्यात जुन्या शाही हमामात पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे, आणि एका जुन्या इमारतीला अंगाबाहेरचे काम न लावता उपयोगी कसे करावे, याचा तो चांगला नमुना आहे.

याहून विलक्षण उपयोग केला आहे आपल्या बिदरी कारागिरांनी. जस्ताचे सोळा भाग आणि तांब्याचा एक भाग अशा मिश्रणाचे भांडे ओतून घ्यावयाचे, त्यावर कलमाने नक्षी कोरावयाची, तीत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवावयाचा, आणि शेवटी ते भांडे नवसागर आणि किल्ल्याची माती यांच्या उकळत्या द्रावणात बुडवावयाचे. क्षणात धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच शुभ्र राहते. ही माती वाटेल तेथली चालत नाही. किल्ल्यातील ज्या जुन्या जागी वर्षानुवर्षे ऊन आणि पाऊस पोहोचलेला नाही, तेथलीच हवी, आणि अनुभवी कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतो. ज्या तटांच्या आड तोफा आणि बारूद राहिली, त्यांच्याच आडोशाची माती सुरईवरच्या वेलबुट्टीला तिचा काळा रंग देते. लष्करी वास्तूच्या नागरी उपयोगाचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणूनच किल्ल्याच्या संरक्षणाचे नियम करताना या कारागिरांना रीतसर, मोजून, परवान्याने माती मिळेल अशी कायमची तजवीज असलीच पाहिजे. नियमांच्या काटेकोरपणात ही कला गुदमरता कामा नये.

कलबुर्गीच्या किल्ल्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. १३४७ साली अलाउद्दीन बहमनशहाने राजधानी तेथे केली. १३६७ साली पुरी झालेली, वर सगळी छतबंद आणि उघडा चौक नसलेली जामी मशीद, बालाहिसार आणि प्रचंड लांबीची तोफ यांसाठी तो किल्ला प्रसिद्ध आहे. त्याच किल्ल्यात पिढ्यान् पिढ्या कुटुंबे राहत आली आहेत. त्यांना हटविण्याच्या नोटिसा निघाल्या आणि प्रकरणे न्यायालयात गेली. पुरातत्त्व खात्याची बाजू मी जाणतो: तटाला टेकून बांधलेली घरे, खंदकात पडणारा कचरा, यांनी वास्तू झिजते. परंतु ज्यांच्या आज्यापणज्यांनी, राज्ये गेली आणि फौजा गेल्या तेव्हा, त्या ओसाड तटांत चूल पेटविली, त्यांना केवळ अतिक्रमणदार म्हणणे माझ्या मनाला पटत नाही. किल्ला रिकामा करावयाचाच असेल तर आधी त्यांना शहरात योग्य जागी घरे मिळाली पाहिजेत, आणि ती मिळेपर्यंत एकाही कुटुंबाचे छप्पर निघू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

लष्करी तळाच्या नागरी उपयोगाचे एक उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडले. बीदरची धावपट्टी महायुद्धाच्या काळातली. १९४८ साली सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकाने निजामासाठी चोरून शस्त्रे आणली, त्या उड्डाणांच्या हकिकतीत बीदरचे नाव येते. पुढे तेथे भारतीय वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र झाले आणि देशातील कित्येक वैमानिक तेथे घडले. नागरी विमानतळाची इमारत मात्र, हैदराबादच्या नव्या विमानतळापासून दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा नागरी विमानतळ चालवावयाचा नाही, या करारातील अटीमुळे, पुष्कळ दिवस निष्क्रिय राहिली, आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळूरचे पहिले प्रवासी विमान तेथून उडाले. वायुदलाचा तळ तसाच चालू आणि त्याच धावपट्टीवरून शेतकऱ्याचा मुलगा मुलाखतीला निघालेला, अशी ही व्यवस्था आहे. लष्कर हटल्यावरच नागरिकांनी यावे असा काही नियम नाही. दोघांनी वाटून घेण्याचाही मार्ग आहे.

एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे. भाषेचा प्रश्न आणि सरहद्दीचा प्रश्न यांविषयी या सभागृहात निरनिराळी मते असतील, आणि ती असावीत. परंतु दफ्तराची झालेली वाटणी हा आपल्या सर्वांचा समान तोटा आहे. ज्या तालुक्याच्या जुन्या लष्करी आणि महसुली कागदांचा शोध घ्यावयाचा, त्याचे काही कागद हैदराबादेत, काही औरंगाबादेत आणि काही बंगळुरात. त्यामुळे आपल्या गावातील जुन्या ठाण्याची, पागेची वा कोठीची इमारत कोणी बांधली, तिच्यात कोण राहिले, ती कोणत्या साली कोणत्या खात्याकडे आली, हे सांगणारा माणूस गावोगाव मिळेनासा झाला आहे. इमारत पाडण्याचा ठराव होतो तेव्हा तिची बाजू मांडणारा कागद कोणापाशी नसतो, म्हणून ती निमूटपणे पडते.

यासाठी या व्याख्यानमालेच्या चालकांपुढे आणि आपणा सर्वांपुढे माझ्या काही विनंत्या आहेत. पहिली शिक्षकांना: आपल्या शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांना घेऊन आपल्या तालुक्यातील अशा प्रत्येक जुन्या लष्करी वास्तूची लांबी, रुंदी, भिंतीची जाडी मोजा, चित्र काढा, वयोवृद्धांना विचारून तिचा इतिहास लिहून घ्या, आणि ती वही तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवा, मराठीत लिहा, कानडीत लिहा, उर्दूत लिहा, पण लिहा. दुसरी नगरपालिकांना आणि जिल्हा प्रशासनाला: जी वास्तू संरक्षित यादीत नाही आणि रिकामी आहे, ती पाडण्यापूर्वी तिच्यात वाचनालय, मुलींचे वसतिगृह किंवा कारागिरांची कर्मशाळा करता येईल काय, एवढे तरी तपासा. तिसरी पुरातत्त्व खात्याला: गवानच्या मदरशाची निगा आपण चांगली राखता; परंतु ज्या चौकात कधी काळी देशोदेशींच्या पंडितांची प्रवचने झाली, त्या चौकात वर्षातून एकदा तरी, आपल्या नियमांत राहून, आपल्या देखरेखीखाली, या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना एक व्याख्यान ऐकण्याची परवानगी द्यावी. दिवे नकोत, मंडप नको, ध्वनिक्षेपकही नको; दिवसाउजेडी, जमिनीवर बसून ऐकता येईल असे एक व्याख्यान. तशी परवानगी मिळाली, तर पुढच्या वर्षीचे या मालेतील पुष्प चालकांनी तेथेच गुंफावे, आणि ते चारही भाषांतील विद्यार्थ्यांसाठी खुले असावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.